प्ररोचना आणि प्रसिद्धी : आंतरजालावरील आत्मप्रसिद्धीपर लेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

आपल्या कार्याकडे वाचकाचे लक्ष वळावे यासाठी लेखकाने स्वतःच लेखणी उचलणे, हा प्रकार आज आंतरजालावर सर्वत्र आढळतो. कवितासंग्रह, शोधनिबंध, व्याख्यान वा पुरस्कार यांची वार्ता लेखक स्वतः देतो आणि ती वाचली जावी म्हणून तिला कथेचे, आठवणीचे किंवा कबुलीचे रूप देतो. या लेखनाविषयी शैक्षणिक वर्तुळात बहुधा दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ते सवंग आत्मस्तुती वाटते, तर काहींना काळाची गरज. दोन्ही मते लेखनाच्या अंतरंगात शिरत नाहीत. ते लेखन चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे ठरविण्याचा निकष भारतीय साहित्यपरंपरेतच उपलब्ध आहे काय, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

प्ररोचनेची परंपरा

भरताच्या नाट्यशास्त्रात भारती वृत्तीची चार अंगे सांगितली आहेत : प्ररोचना, आमुख, वीथी आणि प्रहसन. यांपैकी प्ररोचना म्हणजे प्रयोगापूर्वी प्रेक्षकाला नाटकाकडे उन्मुख करणारे प्रशंसापर निवेदन. म्हणजेच कृतीची प्रसिद्धी ही शास्त्राने निषिद्ध मानलेली नाही. तिला एक स्थान व मर्यादा नेमून दिली आहे.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त भासासारख्या नामवंतांना डावलून या नव्या कवीचे नाटक का करावे, असा प्रश्न उपस्थित केला जातो. जुने ते सर्वच चांगले नसते आणि नवे ते नवे म्हणून वाईट नसते, असे सूत्रधाराचे उत्तर आहे. येथे नवोदित कवी स्वतःचीच बाजू मांडत आहे. पण तो स्तुती मागत नाही, परीक्षा मागतो. ‘अभिज्ञानशाकुंतला’त तर विद्वानांचे समाधान होईपर्यंत प्रयोगकौशल्यावर विश्वास ठेवता येत नाही, अशी कबुली सूत्रधार देतो. आपले कुल विदर्भातील पद्मपूरचे म्हणून सांगणारा भवभूती ‘मालतीमाधवा’त अधिक दुखावलेला दिसतो. काळ अनंत आहे व पृथ्वी विशाल आहे, तेव्हा आपल्या तोडीचा रसिक कोठेतरी असेल वा पुढे जन्मेल, हे त्याचे सांगणे अभिमानाचे आहे आणि उपेक्षेचेही.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. प्ररोचना संपताच नाटक सुरू होते. केलेला दावा त्याच रंगमंचावर, त्याच प्रेक्षकांसमोर तपासला जातो.

अवधानाची विनवणी

मराठीत या परंपरेचे उत्तम उदाहरण ज्ञानेश्वरीत सापडते. सहाव्या अध्यायात आपले मराठी बोल अमृतालाही पैजेने जिंकतील, असा आत्मविश्वास ज्ञानदेव व्यक्त करतात. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे केवळ अवधान मागतात आणि त्याच्या मोबदल्यात सर्व सुखाची हमी देतात. लगेचच ही प्रौढी नसून सलगीची विनवणी आहे, असेही ते स्पष्ट करतात. दावा मोठा आहे. परंतु तो श्रोत्याला सर्वज्ञ मानून केलेला आहे आणि त्यामागे संपूर्ण अध्याय उभा आहे.

समर्थ रामदासांनी स्वतःची स्तुती स्वतः करणाऱ्याची गणना मूर्खलक्षणांत केली. मात्र त्याच दासबोधाच्या पहिल्या समासात हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे आणि श्रवणाने काय प्राप्त होते, याचे सविस्तर निवेदन आहे. यात विसंगती नाही. व्यक्तीची स्तुती आणि ग्रंथाचा परिचय हे दोन भिन्न व्यापार आहेत, हेच त्यातून सूचित होते.

आधुनिक काळात आचार्य अत्रे यांनी ‘नवयुग’ व ‘मराठा’ या पत्रांतून प्रसिद्धीची वेगळीच शैली रूढ केली. त्यांची अतिशयोक्ती इतकी उघड असे की वाचक तिला अलंकार म्हणूनच स्वीकारी. त्यात फसवणूक नव्हती, कारण आवरण नव्हते.

आंतरजालावरील रूपबंध

माहितीची विपुलता ही अवधानाचे दारिद्र्य निर्माण करते, हा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये मांडला. समाजमाध्यमांची रचना या दारिद्र्यावरच उभी आहे. फेसबुकवर २००९ मध्ये ‘लाईक’चे बटण आले आणि प्रतिसाद मोजता येऊ लागला. मजकुराचा क्रम ठरविताना हा प्रतिसाद विचारात घेतला जातो आणि दीर्घ मजकूर काही ओळींनंतर झाकला जातो. साहजिकच लेखकाची सारी शक्ती पहिल्या दोन ओळींत एकवटते.

यातून काही ठरावीक रूपे तयार झाली आहेत. आरंभी कोडे, मध्ये अपयशाची हृद्य कबुली, शेवटी यशाची वार्ता व वाचकाला एखादा प्रश्न, हे त्यांतील सर्वाधिक प्रचलित रूप होय. यातील कबुली ही नम्रतेसारखी दिसते, पण ती यशाची पायरी म्हणूनच योजलेली असते. अत्रे यांच्या उघड अतिशयोक्तीहून ही विनयवेष्टित आत्मस्तुती अधिक दोषास्पद आहे. कारण ती वाचकाची सहानुभूती घेते व आपला हेतू लपविते. दुसरा दोष याहून गंभीर आहे. पुष्कळदा असा मजकूर वाचून झाल्यावरही मूळ पुस्तकात काय आहे, हे कळत नाही. प्ररोचना रंगते, नाटक मात्र सुरूच होत नाही.

तथापि सरसकट निषेधही अन्यायकारक ठरेल. प्रतिष्ठितांना स्वतःची स्तुती करावी लागत नाही. ती प्रस्तावनाकार व परीक्षणकर्ते करतात. ज्याला हे पाठबळ नाही, अशा ग्रामीण वा उपेक्षित समाजातील लेखकाला स्वतःच बोलावे लागते. साठोत्तरी लघुनियतकालिकांनी प्रस्थापितांची दारे टाळून स्वतःचे व्यासपीठ उभारले, त्यामागेही हीच निकड होती. भवभूतीची व्यथा आजही संपलेली नाही.

अध्यापकवर्गाची जबाबदारी

हा प्रश्न अध्यापकांना निकटचा आहे. २००५ मध्ये हिर्श यांनी मांडलेला एच-निर्देशांक आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने आणलेली गुणांकपद्धती यांमुळे संशोधनाचे मोजमाप अंकांत होऊ लागले. परिणामी ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो’ या साच्यात शोधनिबंधाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव आणि प्रमाणपत्राचे छायाचित्र येते. निबंधाने काय सिद्ध केले, हे मात्र येत नाही. ज्याच्याकडे सुबोध मराठीत ज्ञान सांगण्याचे सामर्थ्य आहे, त्यानेच केवळ प्रमाणपत्र दाखविले, तर समाजाला ज्ञानाऐवजी ज्ञानाची पावती तेवढी मिळते. दोन परिच्छेदांत आपल्या संशोधनाचा प्रश्न, उत्तर व मर्यादा सांगणारा अध्यापकही आत्मप्रसिद्धीच करतो. परंतु वाचक त्यातून रिकाम्या हाताने परतत नाही.

निष्कर्ष

१) आत्मप्रसिद्धीपर लेखन हे परंपरेला अपरिचित नाही, प्ररोचना हे त्याचे शास्त्रसंमत रूप आहे.

२) अशा लेखनाचा निकष लेखकाचा विनय हा नसून, केलेला दावा वाचकाला तपासता येतो की नाही, हा आहे.

३) उघड अभिमानापेक्षा विनयाच्या आवरणातील आत्मस्तुती वाचकाचा अधिक अवमान करते.

४) पाठबळ नसलेल्या लेखकाची आत्मप्रसिद्धी आणि प्रस्थापिताची आत्मप्रसिद्धी यांना एकच माप लावता येत नाही.

५) अवधान मागणाऱ्याने त्या बदल्यात काही देणे लागते. ज्ञानदेवांनी अवधान मागितले आणि अध्याय दिला. आंतरजालावरील लेखकाकडूनही, आपापल्या मगदुराप्रमाणे, हीच अपेक्षा आहे.