बोर्निओचं जंगल आणि नवी मुंबईची कढई

बोर्निओ हे बेट एक, पण देश तीन: इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई. बेटाच्या मध्यभागी सुमारे 2 लाख 20 हजार चौरस किलोमीटरचा टापू आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशाहून मोठा. तिथलं वर्षावन मिळून राखायचं, असा जाहीरनामा या तिघांनी 12 फेब्रुवारी 2007 रोजी बाली इथे केला. पुढे 2012 साली 'डब्ल्यूडब्ल्यूएफ'ने याच टापूच्या हरित अर्थव्यवस्थेवर अहवाल काढला. आज आपण त्याची चिकित्सा करू.

अहवालाचं बळ आधी मान्य करायला हवं. जंगल राखणं म्हणजे विकासाला खीळ, हा समज तो खोडून काढतो. कापुआस आणि महाकाम इंडोनेशियात वाहतात, राजांग मलेशियात; पण तिघींचा उगम याच डोंगरांत. डोंगर उघडे पडले की खाली गाळ येतो, पूर येतो. हा खर्च कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. तो मांडा, असं अहवाल म्हणतो.

आमचा आक्षेप वेगळा आहे. जाहीरनाम्यावर तीन सरकारं आहेत, गिऱ्हाईक नाही. जगातलं बहुतेक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं आणि सर्वांत मोठा आयातदार आहे भारत. इथल्या न्हावा शेवा बंदरातही खाद्यतेल उतरतं. फरसाण, बिस्किटं, साबण, यांतून पामतेल आपल्या घरात येतं. आपलं आयात शुल्क तेल कच्चं की शुद्ध केलेलं, एवढं बघतं. जंगल तोडून आलंय का, हे बघत नाही.

मग पामतेल बंदच करायचं का? तर नाही. तेलताड एका हेक्टरात सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतो. दुसऱ्या तेलाकडे वळलो तर जमीन जास्तच लागेल. शिवाय वडापावच्या गाडीवरची कढई स्वस्त तेलावरच चालते.

युरोपीय संघाने 2023 साली कायदा केला: 2020 नंतर तोडलेल्या जंगलाच्या जागेवर पिकवलेला माल बाजारात नको. अंमलबजावणी लांबली, हे खरं. पण आपण काहीच विचारलं नाही, तर निवडक तेल तिकडे जाईल आणि उरलेलं इकडे येईल. म्हणून शुल्कात फरक करा, मोठ्या कारखान्यांना तेलाचा उगम जाहीर करायला लावा. ही मागणी इथूनच व्हायला हवी.