सांखळ्यांपुढचा एक मनुष्य : एका छायाचित्राची साक्ष

यंत्रयुगाच्या आरंभींचीं छायाचित्रें हीं इतिहासाचीं साधनें होत, हें आतां सर्वमान्य आहे. तीं वाचावीं कशीं, याविषयीं मात्र मतभेद आहे. रॉबर्ट हॉलेट यानें नोव्हेंबर १८५७ मध्यें लंडनमधील मिलवॉल येथें घेतलेलें स्थापत्यविशारद ब्रुनेल याचें प्रसिद्ध चित्रच घेऊं. पाठीमागें 'ग्रेट ईस्टर्न' हें ६९२ फूट लांबीचें जहाज पाण्यांत उतरवितांना आवरून धरणाऱ्या प्रचंड सांखळ्या. पुढें उंच टोपी, तोंडांत चिरूट व हात खिशांत, असा ब्रुनेल उभा. मजूर एकहि नाहीं.

यावरून श्रमिकांस बुद्ध्याच वगळलें, असें अनुमान काढण्यांत येतें. तें आम्हांस घाईचें वाटतें. भाट्ट मीमांसक अनुपलब्धि हें प्रमाण मानितात, पण योग्यतेची अट घालून. वस्तु असती तर दिसलीच असती, अशी स्थिति असेल तरच तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. अंधारांत घट दिसला नाहीं, म्हणून घट नाहीं असें ठरत नाहीं. त्या काळीं कलोडियन लावलेली कांच ओली असतांनाच वापरावी लागे व प्रतिमा उमटण्यास कांहीं सेकंद लागत. चालता हात तीवर उमटावा कसा? स्थिर यंत्र उमटे, स्थिर धनी उमटे. चालू असलेला श्रम पुसला जाई.

तथापि एवढ्यानें शंकेचें पूर्ण निरसन होत नाहीं. मजुरांसहि क्षणभर स्तब्ध उभें करतां आलें असतें. कोणास उभें करावें, ही निवड कांचेची नव्हे, माणसाची होय.

आतां चित्रांत जें आहे तें पाहूं. ब्रुनेलच्या जोड्यांस व विजारीस चिखल लागलेला आहे. तो कामाच्या जागेची साक्ष देतो. सांखळ्यांची साक्ष मात्र अपुरी आहे. ता. ३ नोव्हेंबर १८५७ रोजीं जहाज उतरविण्याच्या पहिल्याच प्रयत्नांत, अशाच सांखळीच्या रहाटाचे दांडे एकाएकीं उलट फिरले. मजूर दूर फेंकले गेले व त्यांतील एक मृत्यु पावला. जहाज पाण्यावर तरंगलें तें ३१ जानेवारी १८५८ रोजीं. ही हकीकत चित्र सांगत नाहीं. ती तत्कालीन वृत्तांतांतून कळते. म्हणून चित्र व लेख शेजारीं ठेवूनच वाचले पाहिजेत.

हेंच जहाज १८७० मध्यें मुंबईस येऊन एडनपर्यंत समुद्रांतील तार घालून गेलें. तेव्हां हा विषय आम्हांस अगदींच परका नाहीं. आपल्याकडील गिरण्यांचीं व घाटांतील रेल्वेचीं जुनीं चित्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांस आमची विनंति आहे कीं, सूची करितांना यंत्राचें व साहेबाचें नांव लिहून थांबूं नये. कडेला उभे असलेले किती, त्यांच्या हातांत हत्यार कोणतें, अस्पष्ट उमटलेलें कोण, हेंहि टिपावें. आणि त्या कामाचा हजेरीपट कोठें उपलब्ध असल्यास तो त्या चित्राबरोबरच जपावा. नांवें तेथेंच सांपडण्याचा संभव आहे.