दोन डोळे पुरतात का?

कैद्यांच्या पुनर्वसनाचा विषय निघाला की आपल्याला हटकून ‘दो आँखें बारह हाथ’ आठवतो. व्ही. शांतारामांचा १९५७ चा चित्रपट, कथा ग. दि. माडगूळकरांची. मूळ प्रयोग औंध संस्थानातला. भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथं कैद्यांची मोकळी वसाहत उभी राहिली होती.

चित्रपट मोठाच आहे. पण त्याबद्दल माझी एक तक्रार आहे. खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी सुधारतात ते जेलर आदिनाथच्या नजरेमुळं. आता, कुणीतरी बघतंय म्हणून नीट वागणं याला नीती म्हणायचं का? कांट नाही म्हणाला असता. यावर शांतारामांचं उत्तर असं दिसतं, की ती नजर हळूहळू आत मुरते आणि तिचाच विवेक होतो. इथवर मला पटतं.

पुढचं पटत नाही. हे कैदी पडीक जमीन कसतात, भाजी पिकवतात, ती विकायला बाजारात जातात. तिथं व्यापाऱ्याची माणसं त्यांना मारहाण करतात. म्हणजे माणूस सुधारला तरी बाजार त्याला आत घेत नाही, हे शांतारामांना दिसलं होतं. पण इतका अवघड प्रश्न त्यांनी आदिनाथच्या बलिदानावर मिटवला. आपण डोळे पुसले आणि घरी आलो.

आपल्या व्यवस्थेचंही तसंच आहे. आपल्याकडं हर्सूलचं मध्यवर्ती कारागृह आहे, पैठणला खुलं कारागृह आहे. राज्यातल्या कारागृहांत मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम चालतात, सुतारकाम-शिवणकाम शिकवलं जातं. माणूस आत राहून पदवी घेतो. बाहेर आल्यावर मालक पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतो. मग त्या पदवीचं काय करायचं?

१९५८ चा परिवीक्षा कायदा बघा. कलम १२ नुसार, परिवीक्षेवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता लागत नाही. उत्तम तरतूद आहे. पण ज्यानं तुरुंगात पूर्ण शिक्षा भोगली त्याला हे कलम लागू नाही. ज्यानं हिशेब चुकता केला, त्याच्याच नावावर बाकी उरते!

म्हणून तुरुंगातल्या वर्गांचं कौतुक जरूर करा, पण सोबत एवढं विचारा: शिकून सुटलेल्या किती जणांना काम मिळालं, आणि ते कुणी दिलं? आदिनाथसारखा जेलर क्वचितच भेटतो. माणसं कामावर ठेवणारे मात्र इथं, या सभागृहातसुद्धा बसलेले असतील.