कात्रीची समीक्षा

2016 सालीं मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्यें गोमंतकीय वस्त्रकार वेंडेल रॉड्रिक्स यांनीं स्थूल बांध्याच्या मॉडेलांच्या अंगावर आपलीं वस्त्रें सादर केलीं. त्या प्रसंगाचीं जीं वर्णनें आमच्या वाचनांत आलीं, त्यांत धैर्य, आत्मविश्वास, क्रांति हे शब्द विपुल. छातीवरचा ताण कसा सोडविला, बाही कशी बसविली, याविषयीं अवाक्षर नाहीं. काव्याची समीक्षा करावयास बसून वाचकाच्या प्रकृतीचेंच कौतुक करावें, तसा हा प्रकार!

वास्तविक खरी विद्या तेथेंच आहे. लहान माप चोहोंकडून सारखें वाढवून मोठें माप साधत नाहीं. पोट वाढलें तरी खांदा त्या प्रमाणांत रुंदावत नाहीं. मुंढा फार खोल केला, तर हात उचलतांच सारा सदरा वर चढतो. घाटकोपर-बोरिवलीचा जुना शिंपी हें जाणतो, आणि गिऱ्हाइकाला न दुखवितां फीत फिरवितो. (त्याचें छायाचित्र अर्थातच कोणी छापीत नाहीं.) अंधेरीच्या दुकानांतून ‘तुमच्या मापाचें नाहीं’ हें ऐकून परतणाऱ्या बाईला बगलेंत न काचणारा कुडता कोण शिवतो, एवढेंच कळावयास हवें असतें, या वर्णनांतून तें तिला कळलें नसतें.

रॉड्रिक्स 2020 सालीं निवर्तले. त्या वस्त्रांच्या बेतणीची चिकित्सा आमच्या पाहण्यांत अद्याप आलेली नाहीं.