दोन आकडे आणि बालाघाट

बीड आकाशवाणीचा आकडा १०२.९ मेगाहर्ट्‌झ, गोदावरीपलीकडच्या परभणी केंद्राचा १३०५ किलोहर्ट्‌झ. निवेदकाच्या तोंडून हे आकडे आपण इतक्यांदा ऐकले आहेत, की त्यांचा अर्थ लावावा असं सुचतच नाही. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. त्या वेगाला या आकड्यानं भागलं, की तिची लांबी कळते. परभणीची लहर सुमारे २३० मीटरची, बीडची तीन मीटरलाही थोडी कमी. रेडिओची सगळी गोडी मला या लांबीत सापडते.

लांब लहर जमीन धरून चालते. बालाघाटाच्या रांगा आडव्या आल्या तरी ती वळसा घेते आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या वस्तीवर पोचते. तीन मीटरची लहर नाकासमोर जाणारी. डोंगराच्या आडोशाला ती क्षीण होते. तिनं पोच गमावली, पण बदल्यात आवाजाचा नितळपणा मिळवला. परभणीच्या मध्यमलहरीवर तबल्याची शाई दबते, बीडच्या एफएमवर ती उमटते.

तरीही माझं मन मध्यमलहरीकडे झुकतं, आणि त्याचं कारण तिची खरखर. या पद्धतीत आवाज लहरीच्या कमीजास्त उंचीत लिहिलेला असतो. वीजही स्वतःच्या रेडिओलहरी सोडते, त्या या उंचीत मिसळतात आणि सेट कडकडतो. मृगाच्या तोंडावर, आभाळ डोक्यावर कोरडं असताना, दूर कुठे तरी कोसळणाऱ्या विजा सेटमध्ये आधी ऐकू येतात. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्यात निवेदक हवामानाचा अंदाज वाचतोय आणि मध्येच ढग स्वतः बोलतोय, याहून उत्कट प्रसारण मला ठाऊक नाही. एफएम आवाज उंचीत लिहीत नाही, लहरी दाट-विरळ होण्यात लिहितं; म्हणून वीज तिथे जवळजवळ मुकीच राहते.

सेटची घडणही याच हिशेबाची. ट्रान्झिस्टरची ओढून लांब होणारी एरियल साधारण पाऊण मीटर भरते, म्हणजे एफएम लहरीचा चौथा हिस्सा. मोबाईलवर एफएम ऐकताना इअरफोन लावावा लागतो, कारण तिथे त्याची वायरच एरियलचं काम करते. मध्यमलहरीसाठी मात्र सेटच्या पोटात तांब्याची तार गुंडाळलेली फेराइटची काळी कांडी असते. सेट फिरवला की आवाज वाढतो-घटतो, तो या कांडीमुळे.

मोबाईलच्या लहरी आणखी आखूड. ९०० मेगाहर्ट्‌झची लहर जेमतेम दीड वीत, ३३ सेंटिमीटर. कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली माय कोपीतून आष्टी-पाटोद्याकडच्या गावी मागे राहिलेल्या लेकराशी बोलते, तेव्हा तिचा आवाज हवेतून बीडपर्यंत येत नाही. तो फडाजवळच्या टॉवरपर्यंतच लहर होऊन जातो. पुढचा बहुतेक प्रवास जमिनीखालच्या काचतंतूतून, प्रकाशाच्या रूपात. गावच्या टॉवरवर त्याची पुन्हा लहर होते. टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो, लांब गेला की जोर लावतो. दूरच्या फडात बॅटरी लवकर उतरते, त्यात या जोराचा वाटा असतो. शेकडो किलोमीटरच्या त्या बोलण्यात लहरीची खरी चाल दोन्ही टोकांना मिळून काही किलोमीटरांचीच, पण तिच्यावाचून कोपी आणि घर जोडलं जात नाही.

लहर नुसतं बोलणंच नेत नाही. सोलापूर-धुळे महामार्गावर पाडळसिंगीच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग पाहा. त्यात सेल नाही. नाक्यावरच्या यंत्राची लहर त्याच्यावर पडते, तिच्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि तीच लहर आपला क्रमांक घालून परतवते. एवढी काटकसर आणि एवढी नेमकी रचना एका चिकटपट्टीत!

पण मी पुन्हा मध्यमलहरीकडेच वळतो. तिला खरी रंगत येते ती रात्री. दिवसा ही लहर शोषून घेणारा वातावरणातला थर सूर्यास्तानंतर विरतो, वरच्या थरावरून ती परतते आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं ऐकू येऊ लागतात. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. सेल घाला, रात्री मोबाईलचा चार्जर आणि एलईडी दिवे बंद करा, सेट घेऊन अंगणात बसा आणि काटा अगदी सावकाश फिरवा.