नूतन : गप्प बसवलेल्या स्त्रीचा अभिनय

प्रस्तावना

या पाठात आपण हिंदी चित्रपटातील अभिनेत्री नूतन (१९३६–१९९१) यांच्या अभिनयाचा विचार करणार आहोत. त्यांच्याविषयी लिहिताना ‘सोज्वळ’, ‘सहज’ आणि ‘संयत’ ही तीन विशेषणे हमखास वापरली जातात. ती खोटी नाहीत. पण ती वापरली की चर्चा तिथेच थांबते. सोज्वळ स्त्रीला कशाचा राग येतो, हे विचारायचे राहून जाते. नूतन यांच्या उत्तम भूमिका पाहिल्या तर त्यांतील बहुतेक स्त्रियांचा बोलण्याचा हक्क कुणीतरी काढून घेतलेला दिसतो. या स्त्रिया गप्प असतात, पण सगळे ऐकत आणि मनात साठवत असतात. हे साठवणे पडद्यावर कसे दिसते, हे आपण तीन चित्रपटांच्या आधारे पाहू.

१. जडणघडण

नूतन या दिग्दर्शक कुमारसेन समर्थ आणि अभिनेत्री शोभना समर्थ यांच्या कन्या. विजय भट्ट यांच्या ‘राम राज्य’ (१९४३) मधील सीतेमुळे शोभनाबाईंचा चेहरा घरोघरी पोहोचला होता. ‘हमारी बेटी’ (१९५०) या चित्रपटातून त्यांनीच मुलीला नायिका म्हणून पुढे आणले. अमिय चक्रवर्ती यांच्या ‘सीमा’ (१९५५) मध्ये चोरीचा खोटा आळ आलेली अनाथ गौरी नूतन यांनी साकारली आणि त्यांना पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. गौरी ओरडते, आश्रमात बंड करते. तिचा राग उघड आहे. पुढच्या भूमिकांत हा राग नाहीसा झाला, असे समजू नका. त्याने जागा बदलली. ‘पेइंग गेस्ट’ (१९५७) आणि ‘तेरे घर के सामने’ (१९६३) मधील खट्याळ, हजरजबाबी नूतन पाहिल्यावर कळते की गप्प राहणे हा त्यांचा स्वभावधर्म नव्हता, ती भूमिकेपुरती केलेली निवड होती.

२. ‘सुजाता’ (१९५९) : दूरध्वनीचा प्रसंग

बिमल रॉय यांचा हा चित्रपट सुबोध घोष यांच्या कथेवर आधारित आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातील अनाथ मुलगी एका ब्राह्मण घरात वाढते. घरातली आई तिची ओळख करून देताना ‘मुलगी’ म्हणत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणते. सुजाताचे सगळे आयुष्य त्या ‘सारखी’त अडकलेले आहे.

अधीर (सुनील दत्त) दूरध्वनीवरून तिला गाणे ऐकवतो, तो प्रसंग नीट पाहा. आवाज तलत महमूद यांचा, संगीत सचिन देव बर्मन यांचे. संपूर्ण गाण्यात नायिकेला एकही ओळ नाही. रिसीव्हर कानाशी धरून ती फक्त ऐकते. अशा जागी नायिकेने लाजावे, हसावे, असा त्या काळचा शिरस्ता होता. इथे मात्र आनंद चेहऱ्यावर येता येताच अडतो आणि डोळे भरतात. हे आपल्या वाट्याला येऊ दिले जाणार नाही, हे तिला माहीत आहे. जातिव्यवस्था म्हणजे काय, हे त्या चेहऱ्यावरून जितके कळते तितके चित्रपटातल्या उपदेशपर संवादांतून कळत नाही.

पण चित्रपटाची मर्यादाही सांगायला हवी. शेवटी आईला रक्ताची गरज पडते, सुजाताचेच रक्त जुळते आणि मग तिला मुलगी म्हणून स्वीकारले जाते. म्हणजे माणूस असल्याचा पुरावा अन्याय सोसणारीनेच द्यायचा. पटकथेतील ही उणीव नूतन यांच्या अभिनयाने भरून निघत नाही. मात्र आधी दोन तास तो चेहरा पाहिल्यामुळेच हा शेवट आपल्याला अपुरा वाटतो.

३. ‘बंदिनी’ (१९६३) : हातोड्याचे घाव

जरासंध यांची कथा, नबेंदु घोष यांची पटकथा, बिमल रॉय यांचे दिग्दर्शन. कल्याणी ही ब्रिटिशकालीन तुरुंगातील कैदी. जिची शुश्रूषा करायची ती चिडखोर रुग्ण म्हणजे आपण ज्याच्यावर प्रेम केले त्या बिकाशची (अशोक कुमार) पत्नी, हे तिला कळते. वडिलांच्या मृत्यूचा घावही ताजा असतो.

विष देण्याचा निर्णय ती घेते त्या वेळी संवाद नाहीत. बाहेर लोखंडावर घाव पडत आहेत, वेल्डिंगच्या ठिणग्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर येतो आणि विझतो. कमल बोस यांचे छायाचित्रण आणि ध्वनियोजना इतकी प्रभावी आहे की नटाने काही केले नसते तरी प्रसंग उभा राहिला असता, असे कुणी म्हणेल. मग नूतन यांनी काय केले? त्यांनी क्रौर्य दाखवले नाही आणि वेडही दाखवले नाही. दर वेळी उजेड आला की तोच चेहरा थोडा अधिक ठाम झालेला दिसतो. विचार पक्का होत जाताना आपण पाहतो. म्हणूनच पुढे ती गुन्हा कबूल करते, तेव्हा आश्चर्य वाटत नाही.

शेवटी ती डॉक्टर देवेनचा (धर्मेंद्र) सुरक्षित संसार सोडून आजारी बिकाशकडे धावते. याला ‘त्याग’ म्हणण्याची घाई करू नका. कल्याणीने आयुष्यात जे मोठे निर्णय घेतले ते कुणालाही न विचारता घेतले. हा त्यांतलाच एक आहे.

४. उत्तरपर्व

सुधेंदू रॉय यांच्या ‘सौदागर’ (१९७३) मधील महजबी खजुराच्या रसाचा उत्तम गूळ करते. मोती (अमिताभ बच्चन) तिच्या कसबासाठी तिच्याशी निकाह लावतो आणि पैसे जमल्यावर तिला तलाक देतो. इथे गप्प बसवलेल्या स्त्रीची किंमत बाजारात ठरते : ती गेल्यावर गूळ बिघडतो. ‘मिलन’ (१९६७) आणि ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ (१९७८) धरून नूतन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पाच फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली.

सारांश

नूतन यांच्या अभिनयातील शांतता ही शरणागती नव्हती. ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांनी काय ऐकले, याची ती नोंद होती. ‘सोज्वळ’ म्हणून आपण त्यांचा गौरव करतो, तेव्हा ती नोंद न वाचताच मिटवून ठेवतो.

विचारासाठी प्रश्न

१. ‘सुजाता’तील दूरध्वनीचा प्रसंग आवाज बंद करून पाहा. नायिकेची सामाजिक स्थिती किती कळते?
२. ‘बंदिनी’चा शेवट त्याग आहे की निवड? कल्याणीच्या आधीच्या निर्णयांच्या आधारे लिहा.
३. पटकथेची मर्यादा अभिनय कुठपर्यंत ओलांडू शकतो? तुमच्या भाषेतील एका चित्रपटाचे उदाहरण द्या.