यदृच्छा, संभवनीयता आणि कल्पित मुष्टियोद्धा

मुष्टियुद्धाच्या खेळाबरोबर जे योद्धे तयार मिळतात, त्यांवर त्या खेळाच्या निष्ठावंत रसिकांचे समाधान होत नाही. म्हणून नवे योद्धे निर्माण करणारी आज्ञावली ते स्वतःच रचतात. कळ दाबताच नाव, गाव, उंची, वजन, बाहूंचा पल्ला, प्रहाराचे बळ व सोशिकता यांसह एक अपरिचित मनुष्य समोर उभा राहतो. ही करमणूक क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि व्यक्तिचित्रणाचा एक मूलभूत प्रश्न तिच्यात दडलेला आहे. निव्वळ यदृच्छेतून विश्वसनीय व्यक्ती निर्माण होऊ शकते काय?

प्रथम गणिताचा विचार करू. एका फाशाचे सहाही अंक सारखेच संभवनीय असतात. त्यावरून बळ ठरविल्यास असामान्य योद्धे सामान्यांइतकेच निपजतात आणि असामान्यत्वाला अर्थ उरत नाही. तीन फासे टाकून बेरीज घेतली, तर २१६ शक्यतांपैकी ३ ही बेरीज एकाच प्रकारे येते, १० मात्र २७ प्रकारे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात पात्रांचे गुण याच रीतीने ठरविले जात. चांगल्या आज्ञावल्या हे तत्त्व पाळतात.

परंतु तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक गुण स्वतंत्रपणे ठरविला, तर दीड मीटर उंचीचा आणि दोन मीटर पल्ल्याचा अवजड योद्धा जन्माला येतो. उंची, वजन व पल्ला ही एकाच देहाची अंगे होत. त्यांचा परस्परसंबंध राखणे अगत्याचे आहे. मात्र तो संबंध अतिशय घट्ट केला, तर टॉमी हर्न्ससारख्या योद्ध्याला जागाच उरत नाही. १९८० साली १४७ पौंडांच्या गटात जगज्जेता ठरलेल्या या योद्ध्याची उंची सुमारे १८५ सेंटिमीटर, तर पल्ला सुमारे १९८ सेंटिमीटर होता. घडलेली पण अविश्वसनीय वाटणारी गोष्ट आणि न घडलेली पण संभवनीय गोष्ट यांत कवीने दुसरी पत्करावी, असे ॲरिस्टॉटलचे मत आहे. आज्ञावलीकाराला दोहोंचीही सोय करावी लागते: नियम बहुतांसाठी आणि अपवाद विरळ.

नावांच्या बाबतीत तर बहुतेक रचना उघड्या पडतात. ‘भारतीय’ या एकाच पेटीतून नाव व आडनाव वेगवेगळे काढले, की अकोल्याचा ‘हरभजन वानखडे’ आणि अमरावतीचा ‘गजानन सुब्रह्मण्यम’ अवतरतात. अशी माणसे असूच शकत नाहीत असे नव्हे. पण दर दहांत सहा तशी निघाली, तर वऱ्हाड हा प्रदेशच नाहीसा होतो. शिवाय मराठी माणसाचे नाव त्रिपदी असते. मधले पद पित्याचे. दोनच रकाने मांडणारी रचना योद्ध्याला बापाविना जन्माला घालते. रॉबर्ट कूव्हरच्या १९६८ सालच्या कादंबरीचा नायक फाशांवर आधारलेला बेसबॉलचा खेळ एकट्याने खेळतो; त्याचे कल्पित खेळाडू जिवंत होतात ते अंकांइतकेच विचारपूर्वक दिलेल्या नावांमुळे.

नाव आणि गाव यांच्यामागे मात्र एक गंभीर धोका उभा आहे. देहाच्या अंगांत संबंध राखावा लागतो, म्हणून नावाचा बळाशीही संबंध जोडण्याचा मोह होतो: अमुक प्रांताचा योद्धा कणखर, अमुक कुळीचा चपळ. असा तक्ता भारतात नवा नाही. ‘लढाऊ जाती’च्या ब्रिटिश सिद्धांताने नेमके हेच केले. त्यापायी, पूर्वी लष्करात पराक्रम गाजविलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. म्हणजे तक्ता कागदावरचा असला, तरी त्याने माणसांची वाट अडविली होती. खेळातल्या तक्त्याने कोणाची भाकर जात नाही. पण ज्या समजुतीने ती गेली, तीच येथे करमणुकीच्या रूपाने रुजते. आणि हा दोष यदृच्छेच्या माथी मारता येत नाही, कारण फासा फक्त तक्त्यातले घर निवडतो. घरे आखणारा मनुष्यच असतो.

मग गावाला अर्थच नाही काय? आहे, परंतु तो रक्ताचा नव्हे, संधीचा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा आरंभ १९१४ सालचा. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. ते कौशल्य वऱ्हाडच्या मातीतून आपोआप उगवले नव्हते. आखाडा, गुरू आणि वर्षानुवर्षांची मेहनत यांचे ते फळ होते. म्हणून आज्ञावलीत गावावरून तालीम, शिक्षक व सरावाची वर्षे ठरावीत आणि त्यांतून कौशल्य वाढावे. असा योद्धा अमरावतीचा आहे हे त्याच्या नावावरून कळेल. तो किती टिकेल, हे नावावरून कळता कामा नये. कल्पित माणसाच्या विश्वसनीयतेची खरी कसोटी हीच आहे.